दीड किलोमीटरसाठी सायकल

— नाही हो, गाडीत दोष काहीच नाही, तेच तर सांगतोय मघापासून. पण तुम्ही विचारणारच, तुमचंही बरोबर आहे — एवढी जपलेली गाडी माणूस उगाच काढतो का, काहीतरी भानगड असणार. फिरा ना तिच्याभोवती, लाजू नका. टाकीवर हात फिरवा. आहे कुठे पोचा? सव्वीस वर्षं झाली, दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही मी ही. एकदा मेव्हण्यानं मागितली होती दोन दिवसांसाठी, तर म्हटलं, तुझी बहीण ने परत हवी तर, गाडी नाही मिळायची. काय हसले सगळे! बायकोपण हसली. म्हणजे — हसलीच असेल, मी काही वळून बघितलं नाही. आणि आवाज म्हणाल — त्याच्यासाठीच आलात ना इतक्या लांब? फोनवर म्हणालात तसं. थांबा, ऐकवतो, आत्ताच नको, शेजारचा वेल्डिंगवाला डबा उघडून बसलाय, त्याचं जेवण होऊ द्या. हा सायलेन्सर बाजारात शोधून मिळायचा नाही तुम्हाला. ह्या लेथवर केलाय, ह्या हातांनी, आतल्या जाळ्या काढून, नळी माझ्या मापानं बसवून. कानाचं काम आहे ते. आमच्या तीन गल्ल्या ओळखतात हा आवाज. मी तिकडे चौकात वळलो की इकडे घरात पाण्याचा पेला भरून तयार. रुबाब होता एक. — होता म्हणजे आहे. म्हणजे होता.

ती? हो, माझीच. ती निळी, लेथला टेकवलेली. हसा, हसा, मीपण हसायचो. सिग्नलला कुणी सायकलवाला पुढे आडवा आला की मागून नुसता एकदा अ‍ॅक्सिलरेटर पिळायचो — दचकून असा बाजूला व्हायचा बिचारा, की विचारू नका. आता माझ्यामागे पिळतात लोक. तर सायकल कशी आली, तर ह्या गाडीच्याच काळजीपोटी आली, खोटं नाही सांगत. मार्गशीर्ष की — जाऊ दे, चारेक महिन्यांपूर्वी तेल बदलायला काढलं, तर तेल दुधाळ. चहा वाटावा असं. अहो, वर्कशॉप ते घर अंतर किती — दीड किलोमीटर. सकाळी या, दुपारी जेवायला जा, परत या, संध्याकाळी जा. चार फेऱ्या, आणि एकाही फेरीत इंजिन धड तापत नाही. तापायच्या आत घर येतं. मग आत ओल राहते, तेलात पाणी धरतं, आणि आतल्या आत खात जातं. गाडी लांब पळवली तर शंभर वर्षं टिकेल, पण हे असं कोपऱ्यावर जाऊन येणं तिला मारतं. म्हटलं ठरलं, लांब जायचं तर गाडी, शहरातल्या शहरात सायकल.

पहिला आठवडा मांड्यांनी जीव घेतला. जिना चढताना रडू यायचं. मग बरं वाटायला लागलं हो — लाज वाटते सांगायला, पण दीड किलोमीटरमध्ये काय काय असतं ते मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. एका घरात कुणीतरी रोज एकच गाणं वाजवायला शिकतंय आणि रोज एकाच जागी चुकतंय. एक म्हातारे गृहस्थ झाडांना पाणी घालताना झाडांवर खेकसतात. सव्वीस वर्षं हेल्मेटच्या आत मी आणि माझं इंजिन, तिसरं काही नाही. आणि गाडीनं जायचं तर चौकापुढे एकेरी रस्ता, लांबचा वळसा — सायकल चौकातनंच बाजूच्या बोळात शिरते, सरळ पुढच्या दारात.

बायकोला सांगितलं तेव्हा ती वाढत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, “रोज?” म्हटलं, रोज. “दुपारीपण?” म्हटलं, दुपारीपण. तर म्हणते, “गाडीच बरी हो तुम्हाला. गुडघ्यांचं काय होईल?” माझे गुडघे! एकतीस वर्षांत ह्या बाईला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली नव्हती. मला — काय सांगू — बरं वाटलं. आणि चौथ्या दिवशी घंटी घेऊन आली. ही एवढी, दोन वाट्या उपड्या घातल्यासारखी. “चौकात वाजवा, बोळाच्या तोंडाशी वाजवा, दारात आल्यावर वाजवा.” आतून खाटेवरनं आई — “वाजवत ये रे बाबा, मला कळलं पाहिजे तू आलास ते.” त्र्याऐंशी वर्षांची आई माझी. मी काय समजणार? काळजी! दुसरं काय समजेल माणूस? इथे येऊन वेल्डिंगवाल्याला सांगितलं मी, बघ, घर असावं तर असं. आणि वाजवायचो. रोज, तीन ठिकाणी, इमानदारीनं. लोक म्हणायचे ह्याला सायकल काय नवीन खेळणं मिळालंय.

कंटाळलात का? गाडीचंच सांगतोय, येतोय तिकडेच. तुम्हाला कळलं पाहिजे ना का काढतोय ते. बसा त्या खोक्यावर, पुसलेलं आहे.

आता शिंपी. बोळाच्या तोंडाशी दुकान त्याचं, आणि माझं मागचं दार उघडलं की त्याचं परसदार. वीस वर्षांची दोस्ती. माझ्या अंगावरचा हा शर्ट त्याच्या हातचा. दुपारी जेवून निघालो की त्याच्याकडे दहा मिनिटं टेकायचो, अर्धा कप चहा, चार शिव्या राजकारणाला, की परत कामावर. दुकानात मागच्या बाजूला माप घ्यायची जागा, तिला एक फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यासमोर माझं स्टूल. तर हा शिंपी काय करायचा, मी बसलो असलो की मशीन थांबवायचाच नाही. बोलतोय, हसतोय, आणि पाय चालूच — खडखडखडखड. आठवड्यातनं दोन दिवस हे ठरलेलं. मी आवाजाचा माणूस आहे हो. बेअरिंग कानाशी धरलं तर सांगतो किती दिवस टिकेल. मला कळतं मशीनमध्ये कापड आहे की नाही. एकदा म्हटलंसुद्धा, “अरे, रिकामी काय पळवतोयस, झिजेल ती.” तर म्हणाला, “तेल घातलंय, मुरू दे.” मी मान डोलावली. डोलावली मी मान! एवढा कान असून.

तर त्या मंगळवारी चष्मा घरी राहिला. अकराचा सुमार. शाफ्टचं काम आलेलं, आणि मापाच्या रेघा दिसेनात. सायकल काढली, निघालो. घंटीची आतली कमान, स्प्रिंग हो, आदल्या दिवशीच तुटली होती, नवी वाकवून घ्यायची राहून गेलेली. बोळातनं आलो, सायकल भिंतीला लावली, दार नुसतं लोटलेलं होतं. आत आलो तर बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक मुलगी. एवढीशी. तीनेक वर्षांची असेल. माझा जुन्या बेअरिंगांचा डबा कपाटाखाली असतो, तो ओढून बाहेर काढलेला, आणि एक बेअरिंग बोटात घालून फिरवतेय. मला वाटलं शेजारची कुणी. म्हटलं, “कोण गं तू?”

तिनं ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, “हळू बोल.”

म्हटलं, “का गं?”

म्हणाली, “फटफटीवाला येईल.”

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, “कोण हा फटफटीवाला?” तर सांगायला लागली, अगदी मोठ्या बाईसारखी — तो आवाज करतो, मग आपण पळत शिंपीआजोबांकडे जायचं, पडद्यात बसायचं, खोकायचं पण नाही. म्हटलं, “तू बघितलायस त्याला?” म्हणाली, “नाही. तो खूप मोठ्ठा आहे.” मग माझ्याकडे नीट बघितलं. पँटच्या पायाला चिमटा लावला होता ना मी, साखळीत अडकू नये म्हणून, तो तिला फार आवडला. “तू सायकलवाला आहेस?” म्हटलं, “हो.” “मग बस इथे.” आणि सरकली हो. सरकून मला जागा करून दिली. माझ्या घरात, मला.

बसलो. काय करणार, बसलो मांडी घालून. तिनं ते बेअरिंग माझ्या कानाशी धरलं, फिरवलं, आणि म्हणाली, “हे चांगलं आहे. आई म्हणते, चांगलं असलं की बोलत नाही.” आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारण बेअरिंग असं कानाशी धरायला, फिरवून बघायला, आणि हेच वाक्य — हेच, अक्षरन् अक्षर — मी उभ्या आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं.

मुलगी माझी. एकुलती एक. तुम्हाला कुठून माहीत असणार. सोळाव्या वर्षापासून ह्या लेथवर उभी राहायची, केस फडक्यात बांधून, कुणी काही म्हणो. तिचा हात माझ्याहून हलका. गिऱ्हाईक यायचं ते विचारायचं, ताई आहेत का, मग थांबतो. आणि एक दिवस म्हणाली, “बाबा, हातानं आता फार दिवस नाही चालायचं,” आणि त्या मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटरवरच्या मशीनवर लागली. शिकवलं मी आणि राबणार तिकडे! तिथेच एक स्टोअरकीपर गाठला, लग्न केलं. पाच वर्षं झाली. मी नाही हाकललं तिला, तसलं काही समजू नका. ती गेली. बोललो असेन एखादा शब्द, रागात माणूस बोलतो.

तर तेवढ्यात आतनं बायको आली, हातात दुधाची वाटी. मला बघितलं आणि वाटी घेऊन तशीच उभी. तिच्यामागे ही, माझी मुलगी. वाळलीय जरा. आणि पहिलं कोण बोललं माहितेय? आई. खाटेवरनं. माझी सख्खी आई. म्हणाली, “घंटी नाही वाजवलीस?”

बघा म्हणजे. आलास का नाही, काय झालं नाही, आणि — घंटी नाही वाजवलीस! आणि मग एकेक सगळं कळत गेलं. गुडघ्यांचं कळलं. मशीन रिकामी का पळायची ते कळलं. चार वर्षं, साहेब, चार वर्षं दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी माझी मुलगी माझ्या घरी येत होती, आणि मी चौकात वळलो की मागच्या दारानं जात होती. पाण्याचा पेला भरून तयार म्हणून मी मिरवत होतो — अहो, तो पेला भरायला नाही उठायचं घर, पोरीला बाहेर काढायला उठायचं! माझ्याच हातानं केलेला सायलेन्सर, त्याच्यावर ह्यांचं घड्याळ चालायचं. आणि मी त्या स्टुलावर चहा पीत बसलेला असायचो तेव्हा हातभर अंतरावर, पडद्यापलीकडे, माझी नात तोंड दाबून बसलेली असायची. खोकायचं पण नाही. मी आजोबा झालो हे शिंप्याला माहीत, दूधवाल्याला माहीत, झाडांवर खेकसणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा माहीत असेल. मला सोडून सगळ्यांना.

मी? मी काही नाही केलं. उठलो. विचारलं, किती दिवस चाललंय हे. — मोठ्यानं? थोडं मोठ्यानं. म्हणजे — ओरडलोच. कुणीही ओरडला असता. तुम्ही नसता ओरडलात? आणि ती पोर, जी मघाशी मला जागा करून देत होती, ती झटक्यात टेबलाखाली गेली. दोन्ही हात कानांवर. तिला कळलं होतं कोण आलंय ते. माझी मुलगी खाली वाकली, तिला बाहेर घेतलं, उचललं. माझ्याकडे बघितलं. वाटलं आता भांडेल. तर नुसतं म्हणाली, “बाबा, आवाज.” एवढंच. आणि पुढच्या दारानं गेली.

मी तडक शिंप्याकडे. म्हटलं, वीस वर्षं तुझ्या दुकानात बसतोय रे. त्यानं मशीन थांबवली, पहिल्यांदा. म्हणाला, “कोणत्या दिवशी सांगायला हवं होतं तुला? तू दिवस सांग.” हे काय उत्तर झालं? दोस्त म्हणवतो! तेव्हापासून बोलणं बंद. बायको तर त्याच्या वरचढ. म्हणाली, “पाच वर्षांत एकदा तिचं नाव काढलं असतंत, तर त्याच दिवशी सांगितलं असतं.” म्हणजे चूक माझी! चोरून भेटायचं ह्यांनी, पोरीला लपायला शिकवायचं ह्यांनी, त्या लेकराच्या मनात राक्षस म्हणून मला उभा करायचं ह्यांनी, आणि चूक माझी. म्हटलं, एवढं काय केलं होतं मी? तर ती ट्रंकेवर गेली. आता त्या ट्रंकेचं म्हणाल तर —

अच्छा. ट्रंकेचं सांगितलंच नाही ना मी.

काही नाही हो. तिची ट्रंक राहिली होती घरी, ती मी नेऊन दिली. ह्याच गाडीवर, मागे बांधून. कारखान्याच्या फाटकापाशी ठेवली. ठेवली म्हणजे — दोर सोडला. कडी निसटली तिची, ती काय मी निसटवली? शिफ्ट सुटायची वेळ, माणसं बाहेर पडत होती, आणि कपडे सगळे रस्त्यावर. ती एकटी गोळा करत होती. आणि मी — मी इंजिन बंद नाही केलं. उभा होतो, पिळत. सगळ्यांनी वळून बघावं म्हणून. बघितलं सगळ्यांनी. मग घरी येऊन सांगितलं, तिच्याशी जो बोलेल तो ह्या घराबाहेर, मग ती बायको असो की आई. दोघींनाही, समोर उभं करून. आई तेव्हा चालायची.

नाही, पाणी नको मला. तुम्ही घ्या.

त्या मंगळवाराला तीन आठवडे झाले. मंगळवार येतो, जातो. शुक्रवार येतो, जातो. बायको वाढते आणि आत जाते. आईनं भिंतीकडे तोंड केलंय, दुपारी मी आलो की झोपेचं सोंग. घंटी वाजवा नाहीतर नका वाजवू, घरात कुणी हलत नाही. मीपण बोलत नाही. का बोलू? फसवलं कुणी, मी की ह्यांनी? एक जरी माणूस म्हणाला असता, जा, सांगून टाकू त्याला, काय होईल ते होईल — एक! कुणाला धीर झाला नाही. एवढं काय घाबरायचं माणसाला? मग म्हटलं, गाडी तरी कशाला ठेवायची. फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी तुमचा फोन.

चला. आवडलीय ना? तुमच्या डोळ्यांत दिसतंय, मीपण असाच बघायचो तिच्याकडे. तो कागद घ्या तिथला, माझी सही केलेली आहे, तुमचं लिहून टाकू. नाव नंतर, आधी पत्ता सांगा. — कुठे? पाण्याच्या टाकीमागे? ती पिवळी इमारत? तिच्या समोरच? — नाही, नाही, सापडेल की, माहीत आहे मला. चढ आहे तिथे शेवटाला, सायकलवर दम निघतो. — असंच. जातो कधीकधी. काम संपल्यावर, हवा खायला. थांबत नाही, नुसता खालनं जातो आणि वळून येतो. पिवळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या गजांना एवढासा लाल फ्रॉक टांगलेला असतो. परवा ती पोर स्वतः होती, गजांतनं पाय खाली सोडून बसलेली. बघितलं तिनं मला. ओळखलं की नाही कळलं नाही. पळाली मात्र नाही. तशीच बसून राहिली, मी वळेपर्यंत.

तुम्ही कामावर कितीला निघता? — आठ. आणि परत? — आणि गाडी खालीच लावणार, समोर. सकाळी चालू करून तापवणार पाच मिनिटं, तापवावीच लागते. रोज.

नाही.

नाही, ऐका — सायलेन्सर बदलाल म्हणता, पण नाही बदलणार तुम्ही. मी नसता बदलला. ह्या आवाजासाठीच आलात, मघाशी तुम्हीच म्हणालात. नाही, त्या रस्त्यावर नाही. शहरात दुसरीकडे कुठेही राहत असतात तर आत्ता किल्ली हातात दिली असती. रागावू नका. तुमची खेप वाया गेली, माझं चुकलं, पत्ता आधी विचारायला हवा होता. — नाही हो, पैसे कमी-जास्त करण्याचा प्रश्नच नाही, समजून घ्या ना — नाही द्यायची मला. किल्ली ठेवा तिथे. ठेवा म्हणतो ना!

— ओरडलो. चुकलं. बघा, वेल्डिंगवाल्यानंपण मान वर केली.

निघा तुम्ही आता. जाताना शटर अर्ध्यावर ओढा, मला काम आहे.